अर्धा राहिलेला तांब्या

माझ्या सासूबाईंच्या उशाशी एक तांब्या असतो. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हाही तो होता आणि आजही आहे. सकाळचा चहा झाला की तो भरायचा, दुपारच्या जेवणानंतर पुन्हा भरायचा आणि निजायच्या वेळी त्यावर भांडे उपडे घालून ठेवायचे, हा त्यांचा नेम. त्या दिवसभरात किती पाणी पितात हे मोजण्याची आम्हाला कधी गरज भासली नाही. ते काम तांब्या करीत असे. हा तांब्या दिवसाकाठी अर्धाच रिकामा होऊ लागला, त्याची ही हकीकत आहे. आम्हा कोणाच्याही ते लक्षात आले नाही. आणि ज्यांच्या लक्षात सारे काही आले होते, त्यांचे बोलणे आम्ही म्हातारपणाची कुरकुर समजून सोडून दिले. म्हणूनच ती सांगावीशी वाटते.

२०१९ मध्ये पुण्याच्या सदाशिव पेठेतील आमच्या वाड्याची पुनर्बांधणी ठरली आणि आम्ही शहराच्या पूर्व टोकाला, एका नव्या संकुलात बाराव्या मजल्यावर राहायला गेलो. लिफ्ट होती, मोकळी हवा होती, आईंसाठी स्वतंत्र खोली आणि खोलीला लागून न्हाणीघर होते. पहिल्याच दिवशी आईंनी पाण्याचा घोट घेतला, क्षणभर तोंडात धरला आणि म्हणाल्या, "अगं, हे आडाचं पाणी आहे."

यजमान हसले. "आई, बाराव्या मजल्यावर आड कुठून आणू?"

आई त्यावर काही बोलल्या नाहीत. पुढे चौकशी केली तेव्हा कळले, की संकुलाचे पाणी दोन कूपनलिकांचे आणि उन्हाळ्यात टँकरचे होते. टँकरही भरले जात ते विहिरींवर आणि कूपनलिकांवरच. म्हणजे ते खरोखरच आडाचे पाणी होते. फक्त ते वाहिनीतून वर चढून चकचकीत तोटीतून पडत असल्यामुळे आम्ही त्याला नळाचे पाणी म्हणत होतो.

महिनाभरात घराने साक्ष द्यायला सुरुवात केली. तोट्यांवर पांढरे पुट चढले. बादलीच्या आत खरखरीत वलय बसले. स्टीलची भांडी वाळली की त्यांवर प्रत्येक थेंबाचा डाग उमटे. साबणाला फेस येईना. उलट पाणी गढूळ होऊन कपड्यांवर एक चिकट करडा थर राही. दीड वर्षात गिझर बंद पडला, तेव्हा कारागिराने आतील कॉइल काढून दाखविली. तिच्यावर चुन्याचा असा जाड लेप बसला होता, की मूळ धातू दिसत नव्हता. पण मला सर्वाधिक सतावले ते तुरीच्या डाळीने. चार शिट्ट्या झाल्या, सहा झाल्या, तरी ती बोटचेपी होईना. मी डाळ बदलली, दुकान बदलले, कुकरची रिंगही बदलली. आई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "डाळीचा दोष नाही. पाणी जड आहे."

हे त्यांना ठाऊक असण्याचे कारण मला फार उशिरा समजले. आई १९६० साली लग्न होऊन पेठेत आल्या. पुढच्याच वर्षी, १२ जुलै १९६१ रोजी, पानशेतचे धरण फुटले. त्या लोंढ्याने खडकवासल्याचे धरणही गेले. आमचा वाडा उंचावर असल्याने तेथे पूर आला नाही, पण नळाला थेंब उरला नाही. त्या दिवसांत घरादाराने वाड्यातील आडाच्या पाण्यावर गुजराण केली. त्या पाण्यात डाळ शिजत नसे, साबण फाटत असे आणि नाहलेले केस सुतळीसारखे होत. एकवीस वर्षांच्या सुनेने त्या पाण्याची चव जिभेवर जी साठवली, ती एकोणऐंशीव्या वर्षी तिने पहिल्या घोटात ओळखली. आमच्यापैकी कोणाकडे यापेक्षा अचूक उपकरण नव्हते.

आमच्या शेजारी रसायनशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक राहतात. आमच्या शाळकरी पुस्तकातील 'सुफेन' आणि 'दुष्फेन' पाणी हे शब्द त्यांनी मला पुन्हा आठवून दिले. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर या धरणांत साठते ते सह्याद्रीवर पडलेले पावसाचे पाणी. खडकाशी त्याचा सहवास थोडा, म्हणून ते हलके. कूपनलिकेचे पाणी मात्र काळ्या बसाल्ट खडकाच्या भेगांतून दीर्घकाळ मुरत आलेले असते. जाता जाता ते मातीतील कार्बन डायऑक्साइड घेते, त्यामुळे किंचित आम्लधर्मी होते आणि खडकातील कॅल्शियम व मॅग्नेशियम विरघळवून आपल्याबरोबर आणते. हेच पाण्याचे जडपण. त्यातला जो भाग बायकार्बोनेटच्या रूपात असतो, तो पाणी उकळले की चुनखडीच्या स्वरूपात तळाशी बसतो. गिझरच्या कॉइलवर तोच बसला होता. सल्फेट व क्लोराइडच्या रूपातील जडपण उकळून जात नाही.

प्राध्यापकांच्या सांगण्यावरून संकुलाने पाण्याची प्रयोगशाळेत तपासणी करून घेतली. एकूण काठिण्य लिटरला ५४० मिलिग्रॅम निघाले. भारतीय मानक संस्थेच्या २०१२ च्या पेयजलविषयक मानकानुसार ते २०० पर्यंत असावे. दुसरा स्रोत उपलब्धच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेता येते. अहवाल वाचून यजमान म्हणाले, "म्हणजे चालण्यासारखं आहे." कागदावर ते खरेही होते.

त्या सुमारास आईंच्या नडग्यांना आणि पाठीला खाज सुटू लागली. रात्री त्या इतक्या खाजवीत, की सकाळी पलंगपोसावर रक्ताचे बारीक ठिपके दिसत. वयामुळे त्वचा कोरडी होते, हे आम्ही ऐकून होतो, म्हणून तेवढ्यावर समाधान मानले. वर चांगला फेस यावा म्हणून मी त्यांना साबण अधिक लावू लागले. त्वचारोगतज्ज्ञांनी माझी चूक दाखवून दिली. जड पाण्यातील कॅल्शियमशी साबणाचा संयोग होऊन न विरघळणारा थर तयार होतो. तो धुतला न जाता अंगावरच राहतो. साबण जितका अधिक, तितका हा थर अधिक, आणि वृद्धांच्या पातळ, तेल आटलेल्या त्वचेला तो अधिकच चुरचुरतो. सॉफ्टनर बसविला की सारे बरे होईल का, असे मी विचारले. त्यांनी इंग्लंडमधील एका चाचणीचा दाखला दिला. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत एक्झिमा असलेल्या ३३६ मुलांचा समावेश होता. घरात सॉफ्टनर बसविल्याने त्यांच्या आजारात तपासणीअंती फरक आढळला नाही. तेव्हा यंत्रापेक्षा आंघोळीची रीत बदला, असे त्यांनी सुचविले. कढत नव्हे तर कोमट पाणी, आंघोळ थोडक्यात, साबण फक्त काखा, जांघा व पावले एवढ्यापुरता, तोही साबणविरहित सौम्य वडीचा, अंग घासून नव्हे, टिपून कोरडे करणे आणि ते ओलसर असतानाच खोबरेल किंवा मलम लावणे. तीन आठवड्यांत पलंगपोस स्वच्छ राहू लागला. मला वाटले, पाण्याचा प्रश्न संपला.

प्रत्यक्षात तो वेगळ्याच ठिकाणी वाढत होता. पिण्यासाठी आम्ही आरओ यंत्र आणले. ते शक्य तितके स्वच्छ पाणी देईल अशा रीतीने यजमानांनी लावून घेतले. मापकावर आकडा १८ दाखवला, तेव्हा त्यांना फार समाधान वाटले. आईंनी घोट घेतला आणि म्हणाल्या, "आधीचं जड होतं, हे पोकळ आहे." आम्ही पुन्हा हसलो. सवय होईल, असे म्हणालो. तांब्या मी सकाळी भरीत असे, संध्याकाळी ओतून टाकीत असे आणि पुन्हा भरीत असे. किती ओतते आहे, हे माझ्या हाताला कळत होते. मनाला कळले नाही.

२०२२ च्या मे महिन्यात, भर उन्हाळ्यात, एका संध्याकाळी आईंनी मला विचारले, "नळ आले का गं?" मी म्हणाले, "आले की." थोड्या वेळाने त्यांनी मला आपल्या थोरल्या जाऊबाई समजून हाक मारली. त्या जाऊबाई जाऊन वीस वर्षे झाली होती. रात्रभर त्या कळशी कुठे ठेवली, हौद भरला का, असे विचारीत राहिल्या. सकाळी त्यांना उठून बसता येईना. यजमान खिडकीशी जाऊन उभे राहिले. आम्ही दोघेही एकच शब्द मनात आणत होतो आणि तो उच्चारण्याचे धैर्य कोणाला होत नव्हते.

रुग्णालयातील डॉक्टरांनी प्रथम विचारले, "हे हळूहळू होत आलं की कालपासून?" कालपासून, असे आम्ही सांगितले. "मग हा स्मृतिभ्रंश असेलच असं धरून चालू नका," ते म्हणाले. स्मृतिभ्रंश सहसा महिनोन्‌महिने वाढत जातो. एक-दोन दिवसांत उद्‌भवणारा संभ्रम बहुधा शरीरातील एखाद्या बिघाडाची हाक असते आणि तो बिघाड शोधावा लागतो. आईंच्या शरीरात पाणी फार कमी झाले होते, रक्तातील क्रिएटिनिन वाढले होते आणि मूत्रमार्गाला जंतुसंसर्ग झाला होता. त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांपैकी एक लघवी वाढविणारी होती, तिने कमतरतेत भर घातली होती. मग डॉक्टरांनी दुसरा प्रश्न विचारला, "दिवसाला किती पाणी पितात?" तीन माणसांच्या घरात या प्रश्नाचे उत्तर कोणापाशी नव्हते.

सहा दिवसांनी आई पूर्ववत बोलू लागल्या. मी हळूच विचारले, "आई, पाणी का कमी केलंत?" त्या म्हणाल्या, "एक पाणी नको वाटायचं, दुसऱ्यानं तहान भागायची नाही. आणि रात्री उठायला लागू नये म्हणूनही. न्हाणीघराची फरशी निसरडी झाली होती. तुला मी दोनदा सांगितलं होतं."

त्यांनी सांगितले होते. साबणाचा तोच चिकट थर फरशीवरही साचत होता. डाळीबद्दल सांगितले होते, चवीबद्दल सांगितले होते, फरशीबद्दलही सांगितले होते. आम्ही प्रत्येक वेळी त्यात वाड्याची आठवण ऐकली; पाण्याची माहिती ऐकली नाही.

त्यानंतर आम्ही घर नव्याने लावले. वाचकांपैकी अनेकांच्या घरी हेच पाणी येत असेल, म्हणून काय केले ते थोडक्यात सांगते.

जड पाण्याने मुतखडा होतो ही भीती आमच्या संकुलात घरोघरी होती, आणि तिच्यापायी काही ज्येष्ठ मंडळी पाणीच कमी पीत. जड पाण्यामुळे मुतखडा होतो असे अभ्यासांतून सिद्ध झालेले नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही काठिण्यासाठी आरोग्याच्या कारणावरून कोणतीही मर्यादा घातलेली नाही. उलट पाणी कमी प्यायल्याने लघवी दाट होते आणि मुतखड्याला वाव मिळतो तो तेथेच. कोणत्या पाण्याचा दोष किती, या वादापेक्षा पोटात पाणी जाते की नाही, हे अधिक महत्त्वाचे.

आरओ यंत्रात काही मूळ पाणी मिसळण्याची सोय असते. तंत्रज्ञाला बोलावून आम्ही ती वापरली आणि आकडा १२० च्या आसपास आणला. हे करताना एक काळजी घ्यावी लागते. मिसळलेले पाणीही निर्जंतुक झालेच पाहिजे. ते यंत्रातील अतिनील दिव्याखालून जाते ना, याची खात्री करून घ्यावी. हातातील मापक पाण्यात विरघळलेल्या सर्व क्षारांची बेरीज सांगतो. त्यात जडपण किती हे तो सांगत नाही, आणि जंतूंविषयी तर काहीच नाही. यंत्रातील पाणी आम्ही माठात ओततो. माठ एक दिवसाआड घासून कोरडा करतो. आईंनी नव्या पाण्याचा घोट घेतला आणि म्हणाल्या, "हं." त्यांच्या तोंडून एवढी पसंती पुष्कळ झाली.

संकुलाने साऱ्या इमारतीसाठी सॉफ्टनर बसविण्याचा ठराव मांडला, तेव्हा प्राध्यापकांनी एक हिशेब समजावून सांगितला, तो रक्तदाबाच्या प्रत्येक रुग्णाने लक्षात ठेवावा. हे यंत्र कॅल्शियम काढून घेते आणि त्याच्या जागी सोडियम सोडते. त्यासाठीच त्याला मिठाची पोती लागतात. काठिण्य १०० मिलिग्रॅमने कमी केले की लिटरमागे ४६ मिलिग्रॅम सोडियम वाढते. आमच्या ५४० च्या पाण्याचा हिशेब लिटरमागे सुमारे २५० मिलिग्रॅमवर जातो. असे दोन लिटर पाणी पिण्यात व स्वयंपाकात पोटात गेले, तर ते सव्वा ग्रॅम मीठ झाले. प्रौढ माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. जेवणातील लोणचे-पापड बंद करायचे आणि तोट्यांतून मीठ येऊ द्यायचे, यात काय अर्थ? शेवटी सॉफ्टनर बसला, पण धुण्याच्या व आंघोळीच्या पाण्यासाठी. पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी आरओचे पाणी घ्यावे, असे सर्वांना कळविण्यात आले. आरओतून सोडियमही बऱ्याच अंशी निघून जाते.

डाळीचे कोडेही सुटले. पाण्यातील कॅल्शियम डाळीच्या पेशींना बांधून ठेवणाऱ्या पेक्टिनला घट्ट करते, म्हणून डाळ मऊ होत नाही. खाण्याचा सोडा घातला की ती शिजते, पण सोड्याने सोडियम वाढते आणि ब-१ जीवनसत्त्व नष्ट होते. त्यापेक्षा डाळ चांगली भिजवावी, हलक्या पाण्यात शिजवावी आणि चिंच-आमसूल ती शिजल्यावरच घालावे. दातांची तक्रार असलेल्यांसाठी ही बाब किरकोळ नाही. बोचरी डाळ पानात राहते आणि तिच्याबरोबर दिवसाची प्रथिनेही राहून जातात.

न्हाणीघराची फरशी आता दर आठवड्याला लिंबूसत्त्वाच्या पाण्याने घासून भरपूर पाण्याने धुतली जाते. क्षार काढणारे कोणतेही आम्ल आणि ब्लीचिंग पावडर एकत्र वापरू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो आणि बंद न्हाणीघरात तो वृद्ध फुप्फुसांना सोसवत नाही. भिंतीला धरण्यासाठी दांडा बसवला, रात्री बारीक दिवा ठेवला. आरओतून बाहेर पडणारे पाणी मूळच्या पाण्याहूनही जड असते. ते शौचकुपात ओततो, फरशी पुसायला वापरत नाही.

आणि तांब्या. डॉक्टरांनी आईंसाठी दिवसाला दीड लिटर द्रवाचे प्रमाण ठरवून दिले. हे प्रमाण सर्वांना लागू नाही. हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर पाणी मर्यादितही ठेवावे लागते, तेव्हा प्रत्येकाने आपापल्या डॉक्टरांना विचारून घ्यावे. वयाबरोबर तहानेची जाणीव मंदावते, म्हणून तहान लागण्याची वाट आम्ही पाहत नाही. सकाळी उठल्यावर एक भांडे, गोळ्यांबरोबर एक, अकराला ताक, चारला पेज किंवा कोकमाचे पाणी, आणि अंधार पडण्यापूर्वी दिवसाचे बहुतेक प्रमाण पूर्ण, म्हणजे रात्री उठणे कमी. लघवीचा गडद रंग, कोरडी जीभ, उठताना येणारी भोवळ, बद्धकोष्ठ आणि अकस्मात आलेला घोटाळलेपणा यांकडे लक्ष ठेवतो. म्हाताऱ्या माणसाची त्वचा चिमटीत धरून पाण्याची कमतरता ओळखता येत नाही. ती एरवीही सैलच असते.

आई आता घरात काठी घेऊन चालतात. त्या आजारपणात गेलेली पायांतील शक्ती पूर्णपणे परतली नाही. याची खंत मला आहे आणि राहील. वेळीच ऐकले असते, तर ते सहा दिवस टळले असते.

संध्याकाळी दिवा लावून झाला की मी त्यांच्या खोलीत जाते आणि तांब्या उचलून पाहते. हलका लागला की मला बरे वाटते. आपल्या घरातही असा एखादा तांब्या, बाटली किंवा पेला असेल. तो संध्याकाळी एकदा उचलून पाहावा. आणि घरातील वडीलधारे माणूस 'या पाण्याला चव नाही' असे म्हणाले, तर हसण्यापूर्वी तो घोट आपणही घेऊन पाहावा.